चहाचा खोकला

चहा घ्या आधी. पण घोट जरा बेतानं घ्या बरं का. हा किस्सा ऐकताना माणसाला हसू येतं, हसता हसता ठसका लागतो, आणि समोर कोणी खोकलं की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "किती दिवसांपासून?" सवय आहे हो, काय करणार! तेरा वर्षं झाली, मी आमच्या गावची आशा आहे.

आमचं गाव मोताळा तालुक्यात, धामणगाव बढ्याहून फाट्यानं आत. गावात कोणाला दिवस गेले, कोणाच्या बाळाचा डोस राहिला, कोण बीपीची गोळी खाल्ली म्हणून सांगतो आणि उशीखाली ठेवतो, सगळं मला ठाऊक. आणि खोकला? खोकल्यात तर माझा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नाही, असं मी यंदाच्या दिवाळीपर्यंत छाती ठोकून सांगत होते.

त्याच खोकल्यानं माझी जी फजिती केली ना, ती आता मीच सांगून टाकते. नाहीतर शेजारच्या देवकाकाकू सांगतील, आणि काकूंच्या सांगण्यात तिखटमीठ फार असतं.

तर, माझे सासरे. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. वय पंचाहत्तर. तीस वर्षं कापसाचा ट्रक चालवला, गावोगावचा कापूस खामगाव-मलकापूरच्या जिनिंगला नेला. ट्रक सुटला, पण हॉर्न काही सुटला नाही. तो घशात येऊन बसला.

म्हणजे काय, की मामाजी बोलत नाहीत. खोकतात. आमच्याकडे जुन्या वळणाचे सासरे सुनेशी थेट बोलत नाहीत, घरात शिरताना बाहेरून खाकरतात, की आतल्या बाईनं सावरून बसावं. पण मामाजींनी त्या खाकरण्याची पार भाषाच केली होती! लग्न होऊन मला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षांत त्यांनी मला उद्देशून एक पूर्ण वाक्य उच्चारलं असेल तर शपथ.

ही भाषा मला सासूबाईंनी शिकवली. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मला चुलीपुढं बसवलं आणि भाकरीच्या आधी खोकला शिकवला.

"हे पाय सुनंदा, एकच बारका खोकला आला का समज, च्या पायजे. दोन आले का पावना आला, डोक्शावर पदर घे. अन् घरघर करून लंबा खाकरले, तं समज टाळकं सटकलं. मंग सामने जाऊ नको."

"अन् जेवता जेवता खोकलले तं, आत्याबाई?"

"मीठ कमी."

"अन् खरंच खोकला आला तं?"

सासूबाई पोट धरून हसल्या. "त्यायले? माह्या लग्नापासून त्यायले खरा खोकला आला नाई वं!"

हे वाक्य ध्यानात ठेवा. माझा घात ह्याच वाक्यानं केला.

पाच वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. जायच्या आधी माझा हात धरून म्हणाल्या, "त्यायच्या खोकल्यावर ध्यान ठेवजो, बाई." मी रडत रडत हो म्हटलं. आणि तेव्हापासून अख्ख्या घरात ती भाषा जाणणारी मी एकटीच उरले. आमच्या ह्यांना, म्हणजे मामाजींच्या पोटच्या पोराला, त्यातलं ओ की ठो कळत नाही. मला त्याचा केवढा गर्व होता म्हणून सांगू! चूल आत, खोकला बाहेर ओसरीत, आणि मी चुलीपाशी बसून ओळखायची की आज चहात आलं हवंय.

आता झालं असं, की यंदा दिवाळीनंतर मामाजींचं बीपी वाढलं. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली. सकाळी एक. मी आशा! माझ्या घरचा पेशंट गोळी चुकवेल? रोज सकाळी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवायची, पाणी द्यायचं आणि गळ्याची घाटी वरखाली झालेली दिसली की मगच हलायचं.

दहा-बारा दिवस गेले असतील. एके दिवशी दुपारी ओसरीतून आलं, "खूक."

एकच. बारका. कोरडा. म्हणजे? चहा!

मी केला, दिला. कपबशी उचलून आत येते न येते तोच, "खूक." आता कोणाला वाटेल, काय हा प्रकार! मला वाटलं, थंडी पडलीय, म्हाताऱ्या जिवाला हवाहवासा वाटत असेल. पुन्हा केला.

दुसऱ्या दिवशी सहा कप. चौथ्या दिवशी नऊ. आठवड्यानं तर मी पातेलं चुलीवरून उतरवायचंच बंद केलं. प्रत्येक वेळी मामाजी कपाकडं पाहायचे, मग माझ्याकडं पाहायचे, एक सुस्कारा सोडायचे आणि प्यायचे. मला वाटायचं, डोळ्यांत कौतुक दाटून आलंय.

ह्यांनी एकदा दबकत विषय काढला. "बाबाले लय च्या होऊन राह्यला वं."

"तुमाले त्यायच्या खोकल्यातलं काय समजते? पोटी जलमले म्हनून भाषा येत नसते. मले आत्याबाईनं शिकवली हाये."

"नाई, मी म्हनलं, खोकलाच असन तं..."

"आशा कोन हाये घरात? तुमी का मी?"

संपला विषय. बायको सरकारी कामात असली की नवऱ्यानं किती बोलावं याचा त्यांना चांगला अंदाज आहे.

मग खोकला वाढला. आता "खूक खूक" येऊ लागला. दोन म्हणजे पाहुणा! हातातलं पीठ तसंच टाकून, डोक्यावर पदर घेत मी दाराकडं धावले, तर अंगणात देवकाकाकूंची शेळी. दिवसातून पाच वेळा धावले. पाचही वेळा शेळी. शेवटी शेळीलाच लाज वाटली असावी, ती यायची बंद झाली.

पुढच्या आठवड्यात लांब ढास सुरू झाली. घरघर करून, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अरे देवा! मामाजी रागावले. पण कशावरून? मी एकोणीस वर्षांतले माझे सगळे गुन्हे आठवून पाहिले. घरात दोन दिवस कडक शांतता पाळली. टीव्ही बंद, मिक्सर बंद, मिरच्या पाट्यावर वाटल्या. ह्यांनी तर मोटरसायकल पारापर्यंत ढकलत नेली आणि तिथं जाऊन किक मारली. मामाजींचा राग जावा म्हणून मी त्यांच्या आवडीचं वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर केली. मामाजींनी अर्धी भाकर खाल्ली, एक खोकला काढला आणि ताट सारलं.

मी भरतात मीठ टाकलं.

आणि नेमकं ह्याच दिवसांत आमचं क्षयरोग शोधमोहिमेचं काम आलं. घरोघरी जायचं आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का? संध्याकाळी ताप येतो का? वजन कमी झालंय का? भूक मंदावलीय का? थुंकीतून रक्त पडतं का? मला झोपेतून उठवा, पाठ म्हणून दाखवीन. लोकांना दमही भरते मी, "दोन आठवड्याच्या वर खोकला असन तं अंगावर काढू नका. अन् रक्त पडलं, दम लागला, छातीत दुखलं तं दोन आठवडे कायले थांबता? त्याच दिवशी दवाखान्यात!"

सुरुवात मी नेहमी स्वतःच्या घरापासून करते. नियम म्हणजे नियम. स्वयंपाकघरात फॉर्म घेऊन बसले. घर क्रमांक एक. सदस्य तीन. पुढं रकाना, 'दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेली व्यक्ती'. मी पेन टेकवला, तेवढ्यात ओसरीतून, "खूक."

मी पेन खाली ठेवला. उठले, चहा गाळला, मामाजींना नेऊन दिला. परत आले, पदराला हात पुसले आणि रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'निरंक'.

हसा, हसा! माझं मलाही आता हसू येतं. तेव्हा आलं नव्हतं.

घर क्रमांक दोन, देवकाकाकू. आमची आणि त्यांची भिंत एक. काकू ओट्यावर तूर पाखडत बसलेल्या. मी सरकारी आवाज लावला.

"काकू, घरात कोनाले दोन आठवड्याच्या वर खोकला?"

काकूंनी सूप थांबवलं. "आमच्या घरात?"

"हाव."

"आमच्या घरात नाई, बाई. पन तुह्या घरातला आमाले तीन आठवड्यापासून ऐकू येऊन राह्यला. तो लिव्ह."

"काय म्हनता काकू! ते तं मामाजी च्या मांगतात."

"तीन आठवडे?" काकूंनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मला त्यांच्या सुपातला खडा झाल्यासारखं वाटलं. "सुनंदे, मानूस वाळून चालला. काल सदरा अंगावर लोंबत होता. तू आमाले धा धा प्रश्न इचारतं, अन् सोताच्या घरात काय करतं वं?"

काय करते? चहा करते!

दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो मी त्या ओट्यावर उभ्या उभ्या पाहिला. तीन आठवडे खोकला. भूक नाही. वजन उतरलेलं. अहो, माझ्याच फॉर्मवरचा एकेक रकाना माझ्याच ओसरीत भरत होता आणि मी 'निरंक' लिहून पुढच्या घरी आले होते! सासूबाईंचं वाक्य आठवलं, खोकल्यावर ध्यान ठेवजो. त्या चहाचं बोलत नव्हत्या हो. मला खरंच रडू फुटलं.

तशीच घरी पळाले. मामाजी खाटेवर. मी समोर उभी राहिले, फॉर्म हातात. पण विचारू कसं? सासऱ्याला सुनेनं घाम नि बेडके कसे विचारावेत, आणि त्यांनी सांगावं तरी कसं? ते मान खाली घालून बसलेले. मग माझ्या सुपीक डोक्यातून एक कल्पना निघाली.

"मामाजी, मी इचारते. हो असन तं एक डाव खोका. नाई असन तं दोन डाव."

खोकणाऱ्या माणसाला खोकून उत्तर द्यायला सांगणारी अख्ख्या जिल्ह्यात मी पहिलीच आशा असेन.

"सांजच्याले ताप येते?"

"खूक, खूक." नाही. वा!

"रातच्याले घाम?"

"खूक, खूक."

"भूक कमी झाली?"

"खूक."

"छातीत दुखते?"

"खूक, खूक... खूक."

"तीन म्हंजे काय?"

मामाजींनी हात हलवला. त्यांनाही माहीत नव्हतं.

"बेडक्यातून रक्त पडते?"

"खूक." आणि पुढं काही नाही. मामाजींचा चेहरा लाल, डोळे बाहेर, छातीवर हात, तोंड उघडं. मी वाट पाहतेय दुसऱ्या खोकल्याची. येईना. एक म्हणजे हो! रक्त!

मी अशी किंकाळी फोडली, की काकू सुपासकट आमच्या अंगणात. हे शेतातून धावत आले. पाच मिनिटांत आम्ही तिघं एका मोटरसायकलवर, पुढं हे, मधे मामाजी, मागं मी मामाजींची औषधांची फाईल छातीशी धरून. आरोग्य केंद्रापर्यंत मी जेवढे देव आठवले, तेवढे लग्नातसुद्धा आठवले नव्हते.

डॉक्टर मॅडमनी मामाजींना शांतपणे बसवलं, छाती तपासली, पाठ तपासली. "बाबा, थुंकीतून रक्त पडलं का?"

मामाजी म्हणाले, "नाई जी. दुसरा खोकला घशातच अटकला."

मी खाली पाहिलं. आमचे हे खिडकीबाहेर पाहू लागले.

"किती दिवस आहे खोकला?"

"तीन आठवडे झाले असतीन."

"मग इतके दिवस घरात सांगितलं का नाही?"

"सांगत तं होतो, मॅडम! दिवसातून चाळीस डाव सांगत होतो. पन खोकलो का च्या ये."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "किती चहा?"

"दहा... बारा," मी पुटपुटले.

"सुनंदाताई, दिवसाला बारा चहा पोटात गेल्यावर भूक लागेल कशी? वजन टिकेल कसं?" मग मामाजींकडं वळल्या. "आणि बाबा, तुम्ही तरी चहा नको म्हणायचं ना!"

मामाजी छताकडं पाहत म्हणाले, "म्हातारी गेल्यावर माहा खोकला समजनारी सूनच तं एक राह्यली जी. तिले कसं सांगू, का बाई, तुले बी समजला नाई मनून? तिनं आनला, म्या पेला."

आता तुम्हीच सांगा, यावर माणसानं काय करावं? मी तिथंच पदर डोळ्याला लावला. तीन आठवडे तो माणूस माझं मन मोडू नये म्हणून बारा बारा कप चहा पीत होता, आणि मी त्याला कौतुक समजत होते! बरं, कौतुक होतंच म्हणा. पण ते चहाचं नव्हतं.

पण थांबा, माझी फजिती अजून पुरी झालेली नाही. मॅडमनी विचारलं, "एवढ्यात काही नवं औषध सुरू केलंय?"

मी फाईल उघडून झोकात गोळ्यांचं पाकीट पुढं केलं. "बीपीची, मॅडम. एकही दिवस चुकली नाही. मी सोताच्या हातानं देते, गिळेपर्यंत समोरून हलत नाही!"

मॅडमनी पाकीट उलटसुलट करून वाचलं आणि त्यांना हसू आवरेना. "ताई, ह्या गोळीनं काहीजणांना असाच कोरडा खोकला लागतो. बहुतेक तोच आहे."

म्हणजे पाहा! सकाळी मी खोकला द्यायची आणि दिवसभर त्यावर चहा द्यायची.

मी म्हटलं, "मग आजपासून गोळी बंद?"

"अजिबात नाही! बीपीची गोळी अशी मनानं बंद करायची नसते, हे गावाला तुम्हीच सांगता ना? मी बदलून देते. आणि बहुतेक म्हटलंय, नक्की नाही. थुंकी तपासायची, मोताळ्याला छातीचा फोटो काढायचा. ते पाहिल्याशिवाय निश्चिंत व्हायचं नाही."

रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मात्र मी हसले नाही. मामाजी ओसरीत खोकायचे आणि मी चुलीपासून उठून दाराशी येऊन उभी राहायची. चहा मागितला तरी कळणार नाही, आणि दुखलं तरी कळणार नाही, मग मला येतं तरी काय, असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. थुंकीत काही नाही, फोटो स्वच्छ. मी देवापुढं साखर ठेवली आणि एक वाटी काकूंना नेऊन दिली. काकू म्हणाल्या, "अन् फारमावर काय लिवलं?" लिहिलं हो. 'निरंक' खोडलं, त्यावर सही केली, शेजारी 'एक' लिहिलं. मोहिमेतला माझा पहिला संशयित रुग्ण, घर क्रमांक एक. शोधला घर क्रमांक दोननं.

नवी गोळी लागू पडली. खोकला एकदम नाही गेला, मॅडमनी तसं सांगितलंच होतं. पंधरा-वीस दिवसांत हळूहळू उतरला आणि मग पूर्ण थांबला. मामाजी दोन दोन भाकरी खाऊ लागले, सदरा अंगाला बसला.

मी मात्र कानाला खडा लावला. आता खोकल्याचा अर्थ म्हणून काढायचा नाही. खोकला म्हणजे खोकला! थुंकी तपासायच्या रिकाम्या डब्या कामाच्या पिशवीतून काढून थेट चुलीवरच्या फळीवर, चहा-साखरेच्या शेजारी आणून ठेवल्या.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ, मी भांडी लावत होते. घरात शांत. आणि ओसरीतून आलं, "खूक."

एकच. बारका.

माझ्या हातातलं ताट पडलं. फळीवरची डबी उचलली, झाकण काढलं आणि धावत जाऊन मामाजींच्या नाकासमोर धरली.

"मामाजी, लंबा श्वास घ्या, छातीतून खोका, अन् याच्यात थुका!"

मामाजींनी डबीकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. पुन्हा डबीकडं पाहिलं. आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, माझ्या डोळ्यांत पाहून, माझ्याशी बोलले.

"बाई, आज च्याच पायजे होता." मग एक सुस्कारा सोडून म्हणाले, "पन आता डबीतच देत असशीन, तं डबीत दे."